राखीव

आई चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवायची.
ऐरोलीच्या पुलावर गाड्या तुंबल्या की
पर्समधून चौरेघी वही निघायची
आणि कोपरखैरण्याच्या शाळेत एकतीस वर्षं
शुद्धलेखन तपासलेलं ते लाल पेन.

"महोदय / महोदया,
आपण जिथे गाडी उभी केली आहे
तिथे मला दार पूर्ण उघडावे लागते.
कळावे."

लोभ असावा, असं एकदा सवयीनं लिहिलं होतं.
मग खोडलं.

दार पूर्ण उघडायचं.
आधी डावा कॅलिपर बाहेर, मग उजवा,
मग कुबड्या, मग आई.
बाजूच्या पिवळ्या पट्ट्या त्यासाठी असतात,
स्कूटर लावायला नाही.

सानपाड्याच्या मॉलमध्ये पहिली निळी जागा
बहुतेक वेळा भरलेली.
काचेवर डॉक्टरांची लाल खूण,
वकिलांचा पांढरा पट्टा,
एकदा तर कुठल्याशा सेवा मंडळाचं चक्र.
मी हॉर्न वाजवायची. आई चिठ्ठी द्यायची,
मी उतरून वायपरखाली खोचून यायची.
"अडाणी माणूस इथे गाडी लावत नाही," ती म्हणायची,
"त्याला चित्र दिसतं. शिकलेल्यांना अर्थ लावता येतो."

फेब्रुवारीत आई गेली.
कॅलिपर संस्थेला दिले,
कुबड्या म्हात्रेकाकूंच्या दिरांना.
मागच्या काचेवरचा स्टिकर राहिला.
स्टिकर कुणाला देणार?

परवा चार्जर बदलून घ्यायचा होता.
पाच मिनिटांचं काम.
सगळ्यांचंच पाच मिनिटांचं असतं.
भोईरनं लांबून काच ओळखली,
कोन उचलला, सलाम ठोकला,
व्हीलचेअर आणायला वळलासुद्धा.
आणि मी म्हणाले,
"राहू दे, आज बाई गाडीतच बसणारेत."

इतकं सहज.
जणू वाक्य कधीचं तयार होतं,
वही मांडीवर घेऊन लिहिलेलं.

पाच मिनिटांची चाळीस झाली.
चाळीस मिनिटं मी माझ्या मेलेल्या आईला
काचा बंद करून, उन्हात, मागच्या सीटवर
बसवून ठेवलं.

परत आले तेव्हा
उतारावर एक पांढरी ओम्नी तिरकी उभी होती.
एक बाप मुलाला काखेत धरून बाहेर ओढत होता,
मुलगा बापाएवढाच उंच,
त्याची एक चप्पल आत अडकलेली.
मागचा रिक्षावाला थांबला होता, ओरडत नव्हता.
मीही काही बोलले नाही.

वायपरखाली पाहिलं.
जिमची जाहिरात होती, पहिला महिना मोफत.
बॉनेटवर पाण्याची बाटली, थंड, घाम फुटलेली.
भोईर म्हणाला, "बाईंसाठी ठेवली.
झोपल्या असतील म्हणून काच वाजवली नाय."

मी बाटली घेतली.
थँक्यू म्हणाले.
पाम बीचवर पहिल्या सिग्नलला तोंड लावून प्यायले,
सगळी.

रात्री सोसायटीच्या आवारात स्टिकर काढायला बसले.
नखानं, मग जुन्या एटीएम कार्डानं,
मग खोबरेल लावून.
माणूस निघाला. चाक निघेना.
अजून आहे, अर्धं,
मागचं काही पाहायला गेलं की मधे येतं.

हातमोजांच्या कप्प्यात चिठ्ठ्या होत्या,
रबरबँड लावून. सहा.
एक वाचली. "महोदय / महोदया"मधला
"महोदय" आईनं खोडलेला नव्हता.
पर्याय ती वाचणाऱ्यावर सोडायची.

काल पुन्हा जावं लागलं, चार्जर चालेना.
भोईरनं कोन उचलला.
मी काच खाली केली, काहीतरी सांगायचं होतं,
मागून हॉर्न वाजला.
मी सरळ तिसऱ्या तळघरात गेले,
जिथे लिफ्ट बंद असते.
आरशात तो बराच वेळ दिसत होता,
कोन हातात धरून,
जागा मोकळी ठेवून.